लायसन्स चुकून ‘निलंबित’ दिसलं आणि अटक झाली: भरपाई कुणाकडून, किती आणि कशी?

तुमच्या लांबलचक प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही शाळेची व्हॅन चालवता आणि रात्री भाड्याच्या फेऱ्या करता. चार महिन्यांपूर्वी नाकाबंदीत पोलिसांच्या मशीनवर तुमचं लायसन्स ‘निलंबित’ दिसलं. तुम्ही डिजिलॉकरमधलं लायसन्स दाखवलंत, ‘मला नोटीस नाही, आरटीओत कधी बोलावलं नाही’ असं सांगितलंत. आवाज चढला आणि तुम्हाला ठाण्यात नेलं. रात्र लॉकअपमध्ये गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तहसीलदारांपुढे ‘शांतता भंग होण्याची शक्यता’ म्हणून उभं केलं आणि संध्याकाळी बॉन्डवर सोडलं. व्हॅन तीन दिवस ठाण्याच्या आवारात पडून होती. पुढे आरटीओत हेलपाटे मारल्यावर कळलं की दुसऱ्याच चालकाच्या निलंबनाची नोंद एक आकडा चुकल्यामुळे तुमच्या लायसन्सवर चढली होती. त्यांनी ती काढली आणि तसं पत्रही दिलं. तोपर्यंत शाळेने काम दुसऱ्याला देऊन टाकलं होतं. मेव्हणे म्हणतात पन्नास लाखांचा दावा ठोका, वडील म्हणतात पोलिसांच्या नादी लागू नको. तुमचं विचारणं एवढंच की भरपाई मिळते का, कुणाकडून आणि किती.

मिळते. मात्र ज्या मुद्द्यावर तुम्ही सगळा भर दिला आहे, त्या मुद्द्यावर ती मिळणं अवघड आहे.

तुमच्या पत्रात दहापैकी नऊ वाक्यं आरटीओच्या चुकीबद्दल आहेत. अशी प्रकरणं घेऊन येणारे पक्षकार हेच करतात आणि कित्येक वकील त्यांच्या मागून त्याच वाटेने जातात. ती वाट कुठे संपते ते सांगतो. पोलीस शपथपत्रात लिहितात, ‘आम्हाला मशीनवर जे दिसलं त्यावर आम्ही सद्हेतूने विश्वास ठेवला.’ आरटीओ लिहितो, ‘नोंदीत टंकलेखनाची चूक झाली, ती निदर्शनास येताच दुरुस्त केली; कुणाला अटक करा असं आम्ही कळवलेलं नव्हतं.’ दोघांचंही म्हणणं वरवर पटण्यासारखं असतं, आणि दोघांच्या मधल्या फटीत तुम्ही पडता.

म्हणून क्षणभर उलटा विचार करा. समजा, तुमचं लायसन्स त्या रात्री खरोखरच निलंबित होतं. आरटीओची काहीच चूक नव्हती. तरी पोलिसांना तुम्हाला अटक करता आली असती का?

नसती आली. तुमचं सगळं प्रकरण याच उत्तरावर उभं राहणार आहे.

लायसन्स धारण करायला अपात्र ठरलेला असताना गाडी चालवणं हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८२ खालचा गुन्हा. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचे असे विशेष कायद्यातले गुन्हे, त्या कायद्यात वेगळं काही म्हटलेलं नसेल तर, अदखलपात्र आणि जामीनपात्र असतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीचा शेवटचा तक्ता बघा. आणि अदखलपात्र गुन्ह्यात वॉरंट किंवा दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय अटक करता येत नाही, हे संहितेच्या कलम ३५ च्या दुसऱ्या पोटकलमात सरळ लिहिलेलं आहे. अपवाद एकच, माणूस नाव-पत्ता सांगायला नकार देत असेल तर (कलम ३९).

मोटार वाहन कायद्यात अटकेचं स्वतःचं कलम आहे, २०२. गणवेशातला पोलीस अधिकारी विनावॉरंट अटक कधी करू शकतो? त्याच्यासमोर धोकादायक पद्धतीने गाडी चालवली (कलम १८४), दारू पिऊन चालवली (१८५) किंवा परवानगीशिवाय दुसऱ्याची गाडी नेली (१९७), तर. याखेरीज कायद्याखालच्या कुठल्याही गुन्ह्यात माणसाने नाव-पत्ता सांगायचं नाकारलं तर. कलम १८२ या यादीत नाही. आणि तुम्ही तर डिजिलॉकरमधून नाव, पत्ता, फोटो असं सगळं स्वतःहून पुढे केलं होतं. तेव्हा नाव-पत्ता नाकारल्याचा बहाणाही त्यांना उरत नाही.

मशीनवर ‘निलंबित’ दिसल्यावर पोलिसांना काय करता आलं असतं, तेही प्रामाणिकपणे बघायला हवं. ते चलन करू शकत होते. गाडी अडवून ठेवू शकत होते, कारण कलम २०७ मध्ये वैध लायसन्सशिवाय गाडी चालवली जात आहे असं मानायला कारण असेल तर वाहन ताब्यात घेण्याचा अधिकार आहे. ‘मानायला कारण’ हे शब्द महत्त्वाचे. मशीनवरची नोंद हे ते कारण होऊ शकतं. म्हणून व्हॅन तीन दिवस अडकली त्याबद्दल पोलिसांवर फार जोर देऊ नका. तो खड्डा पडला तो आरटीओच्या नोंदीमुळे, त्याची भरपाई परिवहन विभागाकडे मागा. सद्हेतूचा बचाव गाडीच्या बाबतीत चालतो. माणसाच्या अटकेत तो चालत नाही, कारण नोंद खरी असती तरी अटकेचा अधिकार नव्हताच.

आता पोलीस मूर्ख नसतात. कलम १८२ मध्ये अटक करता येत नाही हे ठाण्याच्या हवालदारालाही माहीत असतं. म्हणूनच तुमच्या कागदावर १८२ नाही, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७० आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच १५१ होतं. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून प्रतिबंधक अटक. याला जोडून चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याचा बॉन्ड लिहून घेण्यासाठी तहसीलदारांपुढे दंडाधिकारी म्हणून चालणारी कारवाई. रस्त्यावर हुज्जत घातली की १५१, ही आपल्याकडची फार जुनी सवय आहे आणि कलमाचा आकडा बदलला तरी सवय बदललेली नाही. पण कलम नीट वाचा. अधिकाऱ्याला दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: एक, त्या माणसाचा दखलपात्र गुन्हा करण्याचा बेत आहे हे त्याला माहीत होतं; दोन, अटकेशिवाय तो गुन्हा टाळता येण्यासारखा नव्हता. राजेंदर सिंह पठानिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली म्हटलं की या अटी पूर्ण न करता अटक केली, तर अटक करणाऱ्यावर घटनेच्या कलम २१ आणि २२ च्या भंगाबद्दल कारवाई होऊ शकते. ‘माझं लायसन्स चालू आहे, तुमचं मशीन चुकतंय’ असं मोठ्या आवाजात म्हणणाऱ्या व्हॅनचालकाचा कुठल्या दखलपात्र गुन्ह्याचा बेत होता, हे स्टेशन डायरीत लिहिलेलं असायला हवं. बहुतेक वेळा ‘सदर इसम आरडाओरडा करून दखलपात्र गुन्हा करण्याच्या बेतात असल्याने’ हे ठरलेलं वाक्य असतं. कुठला गुन्हा, कुणाविरुद्ध, हे कुठेच नसतं. ते नसणं हाच तुमचा पुरावा.

तुम्हाला ठाण्यात कुणीतरी सांगितलं की ‘चोवीस तासांच्या आत सोडलं, मग बेकायदेशीर काय?’ हे खूप लोकांना पटतं. चोवीस तास ही कायदेशीर अटकेवरची कमाल मर्यादा आहे. अटकच बेकायदेशीर असेल तर पहिला तासही बेकायदेशीर. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये जेमतेम अर्धा तास लॉकअपमध्ये ठेवलेल्या माणसाला ५० हजार रुपये दिले आणि ती रक्कम दोन उपनिरीक्षकांच्या पगारातून वसूल करायला सांगितलं. त्याच्याविरुद्ध गुन्हाच नोंदवलेला नव्हता. तुमची तर आख्खी रात्र गेली आहे.

यापुढे अटकेच्या पद्धतीचे मुद्दे. अटक पंचनामा झाला का, त्यावर घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही आहे का, तुमची प्रतिसही आहे का (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६), अटकेची वेळ आहे का. अटकेची कारणं सांगितली का (४७). घरी कळवलं का, कुणाला, किती वाजता (४८). मेडिकल झालं का (५३). यांतली एखादी गोष्ट राहिली म्हणून लाखो रुपये मिळत नाहीत, पण सगळ्या मिळून न्यायाधीशाच्या मनात चित्र तयार करतात. तुम्ही लिहिता की बायकोला सकाळी शाळेच्या मुख्याध्यापकांकडून कळलं, ते मुलांना न्यायला व्हॅन का आली नाही म्हणून फोन करत होते. हे वाक्य याचिकेत जसंच्या तसं घ्या. मुख्याध्यापकांचं दोन ओळींचं शपथपत्र मिळालं तर फारच चांगलं.

आरटीओची बाजू. अलीकडे लायसन्स निलंबनाची प्रकरणं वाढली, त्याला कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना कळवलं की सिग्नल तोडणं, वेगमर्यादा ओलांडणं, गाडी चालवताना मोबाइल, दारू, जादा भार अशा प्रकारांत किमान तीन महिने लायसन्स निलंबित करा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ मध्ये पोलिसांना काही गुन्ह्यांत लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवायचा अधिकार दिला. प्रस्ताव मोठ्या संख्येने येतात, लायसन्सच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘सारथी’ या संगणक प्रणालीत कुणीतरी लायसन्स नंबर टाकतं आणि एक आकडा इकडचा तिकडे होतो. मला यात आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य पुढच्या भागाचं वाटतं. कलम १९ प्रमाणे लायसन्सधारकाला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय निलंबन करताच येत नाही. म्हणजे नोटीस निघायला हवी होती. ती खऱ्या कसूरदाराच्या पत्त्यावर गेली असेल, आणि आदेश काढताना नाव, जन्मतारीख, फोटो कुणीही ताडून पाहिला नाही. टंकलेखनाची चूक म्हणून जे सांगितलं जातं, त्याच्या पोटात हा निष्काळजीपणा आहे. तो दावा परिवहन विभागाविरुद्ध.

आरटीओने दिलेलं पत्र हा तुमच्याकडचा सर्वात मौल्यवान कागद. पण ते साधं पत्र आहे की सही-शिक्क्यानिशी जावक क्रमांक असलेलं, ते बघा. त्यात तीन गोष्टी हव्यात: तुमच्याविरुद्ध कधीही निलंबन आदेश झालेला नव्हता, चुकीची नोंद कुठल्या तारखेला चढली, कुठल्या तारखेला काढली. ‘आपल्या अनुज्ञप्तीवर सद्यस्थितीत कोणतीही कारवाई प्रलंबित नाही’ अशा मिठ्ठास वाक्याचा काही उपयोग नाही. पोलीस म्हणतील, आता नसेल, तेव्हा होती. नीट पत्र नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा आणि तुमच्या लायसन्स क्रमांकावरच्या सर्व नोंदींचा तारीखवार तपशील, मूळ निलंबन प्रस्तावाची प्रत आणि नोटीस पाठवल्याचा पुरावा मागा. दुसऱ्या चालकाचं नाव ते झाकून देतील, हरकत नाही.

आणि एक गोष्ट करू नका. कलम १८२ चं चलन अजून ऑनलाइन दिसत असेल तर दंड भरू नका, लोक अदालतीचा मेसेज आला म्हणून तडजोडही करू नका. पाच मिनिटांत सुटका होते खरी, पण दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, असा मुद्दा समोरचा वकील पहिल्या तारखेला काढणार. न्यायालयात हजर राहा, आरटीओचं पत्र लावा, चलन रद्द करून घ्या.

आता ज्या कारणासाठी मी तुमच्या प्रश्नाला इतक्या घाईने उत्तर देतो आहे ते. तुमच्याकडे वेळ थोडा आहे.

बेकायदेशीर कैदेच्या भरपाईचा दिवाणी दावा मुदत कायद्याच्या अनुच्छेद ७३ प्रमाणे सुटकेपासून एक वर्षाच्या आत करायचा असतो. हे बहुतेकांना माहीत असतं आणि तेवढ्यावर निर्धास्त राहतात. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये कलम १६१ आहे. कर्तव्याच्या आवरणाखाली किंवा अधिकाराबाहेर जाऊन केलेल्या कृत्याबद्दल पोलीस अधिकाऱ्याविरुद्धचा दावा कृत्यापासून सहा महिन्यांनंतर दाखल झाला तर तो फेटाळला जाऊ शकतो, आणि दाव्याआधी त्या अधिकाऱ्याला किमान एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. शिवाय सरकारविरुद्धच्या दाव्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आहेच. तुमचे चार महिने गेले. सहा उणे चार, दोन. आज नोटीस टपालात टाकली तर दोन्ही मुदती जवळपास एकाच आठवड्यात संपतात. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळला जातो असा युक्तिवाद करता येतो. अनधिकृत अटक ही कर्तव्याच्या आवरणाखाली येतच नाही असाही युक्तिवाद आहे. दोन्ही करायचे, पण त्यांच्यावर विसंबून राहायचं नाही. नोटीस याच आठवड्यात: जिल्हाधिकाऱ्यांमार्फत महाराष्ट्र शासनाला, संबंधित पोलीस अधिकाऱ्याला नावानिशी, पोलीस अधीक्षकांना आणि परिवहन अधिकाऱ्यांना. स्पीड पोस्टने पोचपावतीसह, शिवाय हातबटवडा करून प्रत्येक कार्यालयाचा शिक्का. मुदत फारच अंगावर आली तर कलम ८० च्या दुसऱ्या पोटकलमाखाली नोटिशीशिवाय दावा दाखल करायची परवानगी मागता येते.

त्याच दिवशी दुसरं पत्र, ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला आणि पोलीस अधीक्षकांना, सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवण्यासाठी. परमवीर सिंह सैनी प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात लॉकअपसकट सगळीकडे कॅमेरे लावायला आणि चित्रीकरण १८ महिने, तेवढी क्षमता नसेल तर किमान एक वर्ष, ठेवायला सांगितलं आहे. प्रत्यक्षात काय ऐकू येतं ते तुम्हालाही ठाऊक आहे: कॅमेरा बंद होता, डीव्हीआर दुरुस्तीला गेला होता. पण तुम्ही तारीख आणि वेळ घालून लेखी मागणी केली असेल आणि त्यानंतर चित्रीकरण ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं, तर ते उत्तरच तुमच्या बाजूने बोलतं. पत्रात एवढंच लिहा: अमुक तारखेच्या रात्री अमुक ते दुसऱ्या दिवशी अमुक वेळेपर्यंतचं प्रवेशद्वार, ठाणे अंमलदार कक्ष आणि लॉकअप इथलं चित्रीकरण न्यायालयीन कामासाठी आवश्यक आहे, ते नष्ट होऊ देऊ नये. आरोप, संताप, कलमांची माळ, काही नको.

तहसील कार्यालयातून चॅप्टर केसच्या सगळ्या कागदांच्या नकला मागा. पोलिसांनी तिथे दिलेला अहवाल तुम्हाला स्टेशन डायरीपेक्षा लवकर मिळेल, आणि दोन्हींत अटकेची वेळ वेगळी लिहिलेली असणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

मग जायचं कुठे? दिवाणी दावा, उच्च न्यायालयात रिट याचिका आणि मानवी हक्क आयोग असे तीन रस्ते आहेत. तुमच्या बाबतीत मी रिटला पहिली पसंती देईन. कारण सांगतो. घटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालय साक्षीपुराव्यात शिरत नाही. वस्तुस्थितीवर वाद असेल तर ‘दिवाणी न्यायालयात जा’ म्हणतं. मारहाण झाली की नाही, शिवी कुणी दिली, असे मुद्दे असतील तर रिट अडखळते. तुमच्याकडे मात्र दोन्ही बाजूंना मान्य असलेले कागद आहेत: कलम १७० खालची अटक पोलिसांच्याच कागदावर, नोंद चुकीची होती हे आरटीओच्याच पत्रावर. यावर फक्त कायद्याचा प्रश्न उरतो. मारहाण झाली असं तुम्ही लिहिलेलं नाही. याचिकेला वजन यावं म्हणून ती घालू नका.

रिटमध्ये सरकारला ‘सार्वभौम कृत्य’ हा जुना बचावही, म्हणजे राज्यसत्ता म्हणून केलेल्या कामाबद्दल सरकार भरपाई देणं लागत नाही हा, घेता येत नाही. तो बचाव कस्तुरीलाल प्रकरणातला, १९६५ चा. मेरठमध्ये पोलिसांनी जप्त केलेलं सोनं मालखान्यातून घेऊन हेड कॉन्स्टेबल पाकिस्तानात पळाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने सरकार जबाबदार नाही म्हटलं. नीलाबती बेहेरा प्रकरणात १९९३ साली न्यायालयाने स्पष्ट केलं की मूलभूत हक्काच्या भंगाबद्दलची भरपाई हा वेगळा, घटनात्मक उपाय आहे आणि तिथे तो बचाव लागू नाही. दिवाणी दाव्यात सरकारी वकील अजूनही कस्तुरीलाल काढतात. त्याला उत्तरं आहेत, पण वेळ जातो.

तुमचा जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचच्या सहा जिल्ह्यांत येतो. ऑगस्ट २०२५ पासून ते सुरू झाल्यामुळे मुंबईच्या खेपा वाचतात, तुमच्यासारख्याला हा फरक मोठा आहे. तरीही कलम ८० ची नोटीस द्याच. न्यायालयाने रिट न ऐकता दाव्याकडे बोट दाखवलं तर तो दरवाजा उघडा असला पाहिजे.

मानवी हक्क आयोगाला फी नाही, वकिलाचीही सक्ती नाही. घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार गेली पाहिजे. आयोग भरपाईची शिफारस करतो, पुढे ती शासनाने मानून रक्कम हातात पडेपर्यंत वाट बघावी लागते. ज्याला वकील परवडत नाही त्याला मी हाच रस्ता सांगतो. पण न्यायालयात प्रकरण चालू असताना आयोग सहसा त्यात हात घालत नाही, तेव्हा दोन्हीकडे एकदम पळू नका. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे प्रक्रिया न पाळता केलेल्या अटकेची तक्रार करता येते. तिथे पैसे मागायचे नसतात, अधिकाऱ्याची चौकशी मागायची असते.

कुणी तुम्हाला ‘विनाकारण अटकेच्या भरपाईचं कलमच आहे’ असं सांगेल. आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं ३९९, जुनं ३५८. त्यात कमाल रक्कम एक हजार रुपये, आणि तीही ज्या खासगी माणसाने पोलिसांकरवी अटक घडवून आणली त्याच्याकडून. तुम्हाला निरुपयोगी.

रकमेकडे येऊ. मेव्हण्यांना सांगा, पन्नास लाख हा आकडा नंबी नारायणन यांच्या प्रकरणातला आहे. इस्रोच्या त्या शास्त्रज्ञाला हेरगिरीच्या खोट्या आरोपात अटक झाली, कोठडीत ठेवलं, कारकीर्द संपली, आणि २०१८ साली, चोवीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम दिली. बाकीचे आकडे बघा. रुदुल शाहला निर्दोष सुटल्यावरही १४ वर्षं बिहारच्या तुरुंगात ठेवलं होतं. १९८३ मध्ये त्याला सगळे मिळून ३५ हजार. जम्मू-काश्मीरचे आमदार भीम सिंह यांना विधानसभेत जाऊ नये म्हणून अडकवलं. १९८५ मध्ये ५० हजार. आपल्या पुण्यातल्या एक डॉक्टर आणि त्यांची सत्तरीची वकील आई यांना मध्य प्रदेश पोलीस पुण्यातून उचलून घेऊन गेले, नोटीस वगैरे काही न पाळता. रिनी जोहर प्रकरणात २०१६ साली प्रत्येकी पाच लाख. आणि तुमच्याशी सर्वात जवळचं, मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये जामीनपात्र गुन्ह्यात, जामीन द्यायची तयारी असताना, लॉकअपमध्ये ठेवलेल्या एका संगीत शिक्षकाबद्दल दोन लाख रुपये दिले आणि जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितलं.

माझ्या अंदाजाने तुमचं प्रकरण एक ते तीन लाखांच्या पट्ट्यातलं आहे, कागद चोख असतील तर. त्यात अपमान आणि स्वातंत्र्याचा भंग यासाठीची रक्कम न्यायालय स्वतःच्या अंदाजाने ठरवतं, तिथे तुमच्या हातात फारसं काही नाही. हातात आहे तो बुडालेल्या कमाईचा हिशेब. शाळेशी झालेला करार किंवा महिन्याच्या पैशांच्या बँक नोंदी, काम काढून घेतल्याचं शाळेचं पत्र किंवा व्हॉट्सॲप संदेश, रात्रीच्या फेऱ्यांच्या ऑनलाइन पेमेंटचे तपशील, गाडीचा त्या महिन्याचा हप्ता, वकिलाची पावती. शाळेचं काम गेलं याचा थेट संबंध अटकेशी आहे हे त्या पत्रातच आलं तर तो भाग स्वतंत्रपणे मिळू शकतो, आणि तो अपमानाच्या रकमेपेक्षा मोठाही असू शकेल. रोखीतल्या कमाईबद्दल फुगवून लिहू नका. एक आकडा खोटा निघाला की बाकीचे खरेही संशयात जातात. दिवाणी दावा केलात तर मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते, हेही मेव्हण्यांच्या कानावर घाला.

तुम्ही शेवटी, जवळजवळ ओशाळून, लिहिलं आहे की सुटताना ‘माझी पोलिसांविरुद्ध काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही केली. हा कागद जवळपास प्रत्येकाकडून घेतात. कोठडीतून बाहेर पडायच्या क्षणी माणूस कशावरही सही करेल, हे न्यायालयांना कळतं. मूलभूत हक्क सही करून सोडून देता येत नाहीत. मुंबईतल्या पदपथावर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस प्रकरणात १९८५ मध्ये घटनापीठाने हेच सांगितलं. त्या लोकांच्या वतीनेही आधी उच्च न्यायालयात झोपड्या हटवायला हरकत घेणार नाही अशी हमी दिली गेली होती. फक्त ही सही लपवू नका. नोटिशीतच लिहा की सही कुठल्या परिस्थितीत, किती वाजता घेतली. समोरून ती आधी बाहेर आली तर नुकसान होतं.

वडिलांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. पोलीस उलट गुन्हा दाखल करतील का? सरकारी कामात अडथळा, म्हणजे पूर्वीचं ३५३ आणि आता न्याय संहितेचं १३२, ही धमकी तुम्हाला मिळू शकते. पण त्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर लागतो, नुसता चढा आवाज पुरत नाही. शिवाय चार महिने गप्प बसून तुमची नोटीस मिळाल्यावर असा गुन्हा नोंदवला, तर तो कशासाठी नोंदवला हे कुणालाही दिसतं. नोटीस पाठवल्यापासून त्या ठाण्यात एकट्याने जाऊ नका, फोनवर ‘साहेबांनी बोलावलंय, मिटवून टाकू’ असं कुणी म्हटलं तर लेखी कळवा असं सांगा. मिटवायला माझा विरोध नाही. पण मिटवायचं तर लेखी माफी आणि धनादेश, चहावर नाही.

चॅप्टर केसचं काय झालं हे तुम्ही लिहिलेलं नाही. तारखा पडत असतील तर हजर राहा आणि कारणे दाखवा नोटिशीला लेखी उत्तर द्या, सोबत आरटीओचं पत्र. ‘बॉन्ड लिहून द्या आणि सुटा’ असं तिथला कारकून सुचवेल. लिहून देऊ नका. ती चौकशी सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत पूर्ण झाली नाही तर संपुष्टात येते, दंडाधिकाऱ्याने विशेष कारणं नोंदवून वाढवली तरच पुढे चालते. ती बंद झाल्याच्या आदेशाची प्रमाणित नक्कल काढून ठेवा, आदेश तोंडी सांगितला तर अर्ज करून लेखी मागा. याचिकेला ती जोडावी लागेल.